त्याच दारावर दुसरी थाप

मी करमाडचा. गिरणीत पाळ्या करतो. कायदा कुणी शिकवला नाही, झोप मोडून वाचला. त्यात एक खिडकी सापडली: घटनेचं कलम 137. सुप्रीम कोर्टाच्या वर कोर्ट नाही. पण ‘तुमचा निकाल पुन्हा तपासा’ असं त्यालाच म्हणता येतं. अर्ज तीस दिवसांत, शक्यतो त्याच न्यायमूर्तींपुढं. निकाल पटला नाही, एवढ्यानं भागत नाही. चूक निकालावरच उघडी दिसावी लागते.

ही खिडकी आपल्यासाठी उघडली, तो इतिहास ताजा आहे. कऱ्हाडच्या सरकारी औषधनिर्माण कॉलेजातल्या एका दलित कर्मचाऱ्यानं ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली. ती रद्द करायला मुंबई हायकोर्टानं नकार दिला. अपील वर गेलं. 20 मार्च 2018 ला दोन न्यायमूर्तींनी खटला तर रद्द केलाच, वर कायद्याचा गैरवापर होतो म्हणून सबंध देशाला हुकूम दिले. गुन्हा नोंदवण्याआधी डीवायएसपीची चौकशी. सरकारी नोकराला अटक करायची तर त्याला नेमणाऱ्याची परवानगी, इतरांना करायची तर जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाची.

करमाडसारख्या गावात ह्याचा अर्थ काय? सालगडी ज्याच्या रानात राबतो, त्याच्याविरुद्ध काळीज घट्ट करून ठाण्याची पायरी चढतो. तिथं त्यानं ऐकायचं, आधी तू खरा का खोटा ते बघू! चोरीची फिर्याद देणाऱ्याला असं कुणी म्हणतं का?

2 एप्रिलला भारत बंद झाला. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थानात माणसं मेली. त्याच दिवशी केंद्र सरकारनं पुनर्विलोकनाचा अर्ज केला. दुसऱ्या दिवशी त्याच न्यायमूर्तींनी स्थगिती नाकारली. ऑगस्टमध्ये संसदेनं कायद्यात 18-अ कलम घातलं. शेवटी 1 ऑक्टोबर 2019 ला तीन न्यायमूर्तींनी चौकशीचे आणि परवानगीचे हुकूम मागं घेतले. खोटी फिर्याद माणसाच्या दोषातनं येते, जातीतनं नाही, हे कोर्टानंच मान्य केलं.

सगळं हाती आलं नाही. सकृद्दर्शनी गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन मिळू शकतो, हे राहिलंच. 10 फेब्रुवारी 2020 ला 18-अ वैध ठरवतानाही कोर्टानं ते ठेवलं.

अर्जावर सही सरकारची होती. पण तो अर्ज व्हावा म्हणून रस्त्यावर कोण उतरलं, ते विसरू नका. आणि ठाण्यात कुणी ‘आधी चौकशी’ म्हणालं, तर पायरी उतरू नका. 18-अ म्हणा.