तुती, वेत आणि कर्बतंतू

हॉकीचा इतिहास लिहिताना विजयांची, पदकांची आणि गोलसंख्येची नोंद मोठ्या दक्षतेने केली जाते. परंतु ज्या काठीने ते गोल झाले ती कोणत्या लाकडाची होती, ती कोणी वाकवली आणि तिच्या घडणीमुळे खेळाला कोणते वळण लागले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. १९२८ ते १९५६ या काळात भारताने ओळीने सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली, त्या पराक्रमात खेळाडूंच्या मनगटाप्रमाणेच पंजाबातील कारागिरांच्या हुन्नराचाही वाटा होता. आणि तो हुन्नर आज मागे पडत असताना त्याच्याबरोबर काय जात आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या व्यवसायाचे मूळ पीठ सियालकोट. तेथे इंग्रजांची लष्करी छावणी होती, छावणीत खेळांची हौस होती, आणि खेळांचे साहित्य विलायतेहून येत असल्यामुळे एखादा जिन्नस मोडला म्हणजे नवा येईपर्यंत महिनोन्महिने वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थानिक कारागिरांनी प्रथम दुरुस्तीची कामे पत्करली, मग नमुन्याबरहुकूम नव्या वस्तू घडवल्या, आणि पाहता पाहता सियालकोटचा माल साता समुद्रांपलीकडे जाऊ लागला. त्यांना लागणारे लाकूड जवळच होते. लाहोरजवळ छांगा मांगा येथे १८६६ साली सरकारने आगगाडीच्या इंजिनांना जळण मिळावे म्हणून कालव्याच्या पाण्यावर एक विस्तीर्ण वन लावले होते. त्या वनात शिसवीबरोबर तुतीही फोफावली, आणि जळणासाठी राखलेल्या त्या रानातील तुती क्रीडासाहित्याच्या कारखान्यांना उपयोगी पडली.

तुतीचे लाकूड टणक, चिवट आणि लवचिक असते. त्याची फळी नीट सुकवून, वाफेवर मऊ करून साच्यात वाकवली म्हणजे तिच्यातील तंतू न तुटता वळणाबरोबर वळतात, आणि काठीच्या पंजात, म्हणजे खालच्या वळलेल्या टोकात, ते अखंड राहतात. पंजाचे सारे बळ या अखंडतेत असते. मग कारागीर रंध्याने व कानशीने डावी बाजू सपाट आणि उजवी बाजू गोलसर करतो. मूठ मात्र तुतीची नसते, ती वेताची असते. वेताच्या कांबी एकमेकींना चिकटवून, त्यांच्यामध्ये रबराच्या पातळ पट्ट्या घालून ती सिद्ध होते, पाचरीसारखी निमुळती करून लाकडात बसवली जाते आणि सांध्यावर दोरा घट्ट गुंडाळला जातो. चेंडूचा आघात पंजावर झाला की त्याचा हादरा वेतात आणि रबरात जिरतो, आणि हाताला त्या आघाताची झिणझिणी न पोहोचता केवळ जाणीव तेवढी पोहोचते.

इंग्लंडातील काठ्या अ‍ॅश नावाच्या वृक्षाच्या लाकडाच्या असत. ते लाकूड अरुंद वळण घेत नाही, म्हणून तेथील काठीचा पंजा लांब राही. तुती ते वळण घेते, म्हणून आपल्याकडील पंजा आखूड झाला. आणि आखूड पंजाची काठी चेंडूवरून चटकन उलटी फिरवता येत असल्यामुळे, चेंडू डावी-उजवीकडे खेळवत प्रतिपक्षाच्या गर्दीतून नेण्याची जी कला हिंदुस्थानी हॉकीचे वैशिष्ट्य ठरली, ती या काठीच्या आधाराने बहरली. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांनी पाच सामन्यांत १४ गोल केले. त्यांच्या काठीत लोहचुंबक दडवला असावा या संशयाने ती हॉलंडमध्ये तपासली गेली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पाहणाऱ्यांना चेंडू आणि काठी यांच्यात काही जिव्हाळ्याचे नाते दिसले, एवढे तिच्यावरून निश्चित कळते.

१९४७ च्या फाळणीने सियालकोट परमुलखात गेले. तेथील अनेक हिंदू आणि शीख व्यावसायिक निर्वासित होऊन जालंधर व मीरत येथे आले आणि हाती काही नसता, केवळ कसबाच्या भांडवलावर त्यांनी हा धंदा पुन्हा उभा केला. इतक्या मोठ्या आपत्तीतून जो व्यवसाय तगला, त्याला खरा धक्का दिला तो मैदानाने. १९७६ साली मॉन्ट्रियल येथे ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि एकेकाळी अजिंक्य गणला जाणारा भारत सातव्या स्थानी फेकला गेला. या मैदानावर पाणी शिंपडावे लागते; लाकूड ते पाणी पिते, फुगते आणि खरखरीत पृष्ठभागावर लवकर झिजते. म्हणून लाकडावर प्रथम काचतंतूंचे वेष्टण आले, आणि पुढे काचतंतू, कर्बतंतू व तत्सम धागे राळेत भिजवून साच्यात घडवलेली संपूर्ण कॉम्पोझिट काठी आली. ती पाण्याने बिघडत नाही, तिचा फटका जोरकस असतो आणि एका साच्यातील सर्व काठ्या सारख्या वजनाच्या निघतात. हे गुण नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु या गुणांचे मोल खेळाडूला चुकवावे लागते. कर्बतंतूंची काठी ताठर असते. वेगाने आलेला जो चेंडू लाकडी पंजावर विसावतो, तो या ताठर काठीवरून उसळतो, आणि त्याला थोपवण्यासाठी नवशिक्याला मनगट अधिक सैल धरावे लागते. चुकीच्या ठिकाणी चेंडू लागला तर झिणझिणी थेट कोपरापर्यंत जाते. लाकडी काठी मोडण्यापूर्वी बहुधा तडा दाखवते, आणि तो तडा सरसाने सांधून, वर दोरा आवळून ती आणखी काही दिवस चालवता येते. कॉम्पोझिट काठीच्या पोटात पडलेली चीर बाहेरून दिसत नाही, आणि ती मोडली म्हणजे एकाएकी व कायमची मोडते. ती रंध्याने तासून आपल्या हातास बेतशीर करून घेता येत नाही. साच्यातून काठीच्या लांबीला हवा तेवढा बाक देणे सोपे झाल्यावर बाकाची अशी चढाओढ लागली की तो २५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा, असे बंधन नियमांत घालावे लागले.

आणि किमतीचा प्रश्न तर सर्वांत गंभीर आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या धनराज पिल्लेने मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन चिखलाच्या मैदानात हॉकीचे धडे गिरवले, आणि तोच पुढे चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळला. मोडकी काठीही गरीब मुलाच्या उपयोगी पडू शकली, ती लाकडाची होती म्हणून. उत्तम कॉम्पोझिट काठीसाठी हजारो रुपये मोजावे लागतात, आणि मोडल्यावर तिचे भग्न तुकडे कोणाच्याच कामाचे राहत नाहीत.

आंतरराष्ट्रीय सामन्यांतून कर्बतंतू हद्दपार होणार नाही, आणि तसा आग्रह धरणे व्यर्थ आहे. पण खेळ शिकण्याची जागा ऑलिंपिकचे मैदान नव्हे, शाळेचे मैदान आहे. तेथे, निदान आरंभीची काही वर्षे, मुलांच्या हाती तुतीची काठी द्यावी. शाळांनी आणि जिल्हा संघटनांनी ती खरेदी करावी, म्हणजे जालंधर-मीरतच्या कारागिरांना काम मिळेल, आणि चेंडू मारण्याआधी तो जपण्याची विद्या मुलांच्या हातांत उतरेल. ती विद्या आपली होती, आणि आपल्या लाकडाच्या साह्यानेच आपण ती कमावली होती.