आले ओले, सुंठ कोरडी



परवा लेकीने चहाच्या वेळी विचारले, "आई, आले नको म्हणतेस आणि सुंठ घालतेस. वस्तू एकच ना? वाळवले की दोष संपतो का?" मी तेव्हा 'आपल्यात चालते' एवढेच म्हणाले, आणि ते उत्तर मलाच पटले नाही. म्हणून थोडे शोधले.

उत्तराची सुरुवात नावांतच सापडली. संस्कृतात आल्याला आर्द्रक म्हणतात. आर्द्र म्हणजे ओले. प्राकृतात त्याच आर्द्रचे 'अल्ल' आणि 'ओल्ल' झाले. एकातून आपले आले आले, दुसऱ्यातून ओले. वाळल्यावर मात्र नाव बदलते: शुंठी, म्हणजे सुंठ. वैद्यांनी तिला विश्वभेषज आणि महौषध म्हटले. मिरी आणि पिंपळीबरोबर ती त्रिकटूत असते.

आल्याचे आणखी जुने नाव शृंगवेर, प्राकृतात सिंगबेर. हेच नाव व्यापाऱ्यांबरोबर ग्रीक भाषेत गेले आणि पुढे इंग्रजीत जिंजर झाले. दशवैकालिक सूत्रात मुनींना वर्ज्य असलेल्या सचित्त वस्तूंमध्ये मुळ्याशेजारी सिंगबेर आहे. श्रावकांसाठी आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात कारणही दिले आहे: लाभ थोडा, जीवघात फार. तिथे नुसते शृंगवेर न म्हणता 'ओले' शृंगवेर म्हटले आहे. आल्याच्या तुकड्याला डोळा असला की तो मातीत पुन्हा रुजतो, हे कुंडी लावणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. सुंठ रुजत नाही.

हळदीचेही तसेच. ओली हळद आपल्या घरी येत नाही, पण सांगलीची हळद शेतातून काढली की शिजवतात, उन्हात वाळवतात, मग दळतात. ती फोडणीत आणि दुधात चालते. वेलदोडा याच कुळातला, पण तो फळ आहे, कंद नव्हे. म्हणून त्याचा प्रश्नच येत नाही.

तरी लेकीचा प्रश्न उरतोच. सुंठेसाठी आधी कुणीतरी आले उपटलेलेच असते. म्हणून वाळवल्याने दोष शून्य झाला, असे मी तिला सांगणार नाही. काहीजणी सुंठही सोडतात, त्यांना माझा नमस्कार. पण आले भाजीसारखे पावशेराने आणले जाते आणि सुंठ चिमटीने. बाळंतिणीच्या लाडवात, सर्दीच्या काढ्यात, गरजेपुरती. डबा भरून ठेवला तरी ती महिनोन्महिने पुरते.

रात्री लेकीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग आपण रोजच्या चहात तरी कशाला घालतो?"

तिचे बरोबर होते. आता आमच्या रोजच्या चहात वेलदोडा असतो. सुंठ औषधाच्या डब्यात गेली आहे.

तुमच्या घरी काय करता, नक्की कळवा.

जय जिनेंद्र.