आधी बांध, मग जोण : गोव्याच्या गांवकरीतला एक नियम

पुढच्या पिढ्यांचे हक्क हा विषय आपल्याकडे बाहेरून आला असे पुष्कळांना वाटते. गोव्यातील गांवकरीचा कारभार पाहिल्यावर मला तरी हे पटत नाही.

गांवकरी म्हणजे गावाच्या मूळ कुळांची सामायिक संस्था. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत. आफोंसो मेशिया याने १५२६ साली तिच्या चालीरीती 'फोरल' या सनदेत नोंदवल्या. म्हणजे संस्था त्याहून जुनी. जमीन गावाची असे. गांवकाराचा तिच्यात जन्माने वाटा, पण ती विकायचा अधिकार एकट्याला नाही. शेते मुदतीने लिलावात दिली जात. आलेल्या पैशातून आधी सामायिक खर्च भागवायचा आणि उरेल ते 'जोण' म्हणून वाटून घ्यायचे.

हा क्रम का, ते खाजन शेतीत कळते. मांडवी-जुवारीच्या काठची ही शेते भरतीच्या पातळीखाली असतात. बांध खारे पाणी अडवतो. मानशीची दारे ओहोटीला उघडतात, भरतीला आपोआप मिटतात. बांध फुटला की खारे पाणी आत शिरते आणि जमीन पुन्हा भातायोग्य व्हायला वेळ लागतो. आज दुरुस्ती टाळली तर भोगणार कोण? नातवंडेच ना!

ही व्यवस्था आदर्श होती असे मात्र मी म्हणणार नाही. जोण पुरुष वंशजांनाच मिळे. शेतात राबणाऱ्या कित्येकांना कारभारात आवाजच नव्हता.

खाणींचा व्यवहार नेमका उलटा झाला. पोर्तुगीज काळात मुदतीविना दिलेल्या खाण-सवलती १९८७ च्या कायद्याने भाडेपट्टे ठरल्या. खनिज मात्र एकदा गेले की गेलेच. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला आणि खनिजविक्रीच्या रकमेतले १० टक्के कायम निधीत ठेवायला सांगितले. आधार होता शाश्वत विकास आणि पिढ्यापिढ्यांमधला न्याय.

माझ्या मते गांवकरीचा नियम याहून कडक होता. तिथे पुढच्यांसाठीचा खर्च आधी निघे, आपला वाटा नंतर. आज कितीतरी खाजनांचे बांध दुर्लक्षित आहेत. आपल्या गावचा बांध कुणाच्या जबाबदारीवर आहे, एवढे तरी प्रत्येकाने विचारावे. जुन्या दप्तरांत त्याचे उत्तर सापडू शकते.