कोलकाता, टोकियो आणि परतीची वाट : भारतीय उद्योगांतील गुणवत्तेचा इतिहास

जपानी मालाच्या दर्जाचा विषय निघाला की एडवर्ड्स डेमिंग यांचे नाव येतेच. जुलै १९५० मध्ये या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने टोकियोत आठ दिवसांचा अभ्यासवर्ग घेतला आणि युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशाच्या उद्योगांना नवी दिशा मिळाली, ही कथा व्यवस्थापनाच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात सांगितली जाते. तिच्या आधीचे एक प्रकरण मात्र भारतात घडले आणि ते क्वचितच सांगितले जाते. डेमिंग ज्यांच्याकडून हे शास्त्र शिकले, ते वॉल्टर शूहार्ट १९४७-४८ मध्येच भारतात येऊन गेले होते. मग गुणवत्तेचे नाव टोकियोचे का झाले, कोलकात्याचे किंवा मुंबईचे का नाही?

आधी शूहार्ट यांचे काम समजून घेतले पाहिजे. टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत ते अभियंता होते. मे १९२४ मध्ये त्यांनी आपल्या वरिष्ठांना जेमतेम एक पानाचे टिपण पाठवले आणि त्यात एक आकृती काढून दाखवली. तीच नियंत्रण-आलेखाची सुरुवात. कल्पना अशी : एका लेथवर २५ मिलिमीटर जाडीचे दांडे बनत आहेत. कोणतेही दोन दांडे तंतोतंत सारखे नसतात. थोडा फरक पडणारच. दर तासाला चार-पाच दांडे मोजून त्यांची सरासरी कागदावर मांडत गेल्यास मधल्या रेषेच्या वर-खाली ठिपके पडतात. वर एक सीमा, खाली एक सीमा. ठिपके त्या दोहोंच्या आत कसलाही क्रम न धरता विखुरलेले असतील, तर यंत्रात हात घालू नये. ठिपका सीमेबाहेर गेला, तर मात्र काहीतरी विशेष कारण घडले आहे. हत्यार झिजले असेल, पोलाद बदलले असेल, किंवा पाळीवर नवखा माणूस आला असेल. ते तिथल्या तिथे शोधावे.

यातला मूळ बदल सूक्ष्म आहे. पूर्वीचा तपासनीस तयार माल हातात घेऊन चांगला-वाईट वेगळा करीत असे. आलेख पाहणारा माणूस मालाऐवजी माल घडवणाऱ्या प्रक्रियेकडे पाहू लागला.

शूहार्ट भारतात आले ते प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून. १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेली त्यांची भारतीय सांख्यिकी संस्था तोवर जगभर ओळखली जाऊ लागली होती. बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज नमुना-पाहणीने बांधण्याचे त्यांचे काम परदेशी तज्ज्ञही अभ्यासत. शेतात वापरलेले संख्याशास्त्र कारखान्यातही चालेल, हे या माणसाला कोणी पटवून देण्याची गरजच नव्हती.

त्याच सुमारास, जानेवारी १९४७ मध्ये, दिल्लीत भारतीय मानक संस्था उभी राहिली. (गंमत अशी की दोन्ही संस्थांचे इंग्रजी लघुरूप 'आयएसआय'च. इस्त्री घेताना दुकानदाराला 'आयएसआय मार्क आहे ना?' असे विचारणारे आजी-आजोबा या दुसऱ्या संस्थेबद्दल बोलत. महालनोबिसांशी तिचा संबंध नाही.) १९५२ मध्ये प्रमाणन-चिन्हाचा कायदा झाला. १९५३ पासून सांख्यिकी संस्थेने मुंबईसह औद्योगिक शहरांत गुणवत्ता-नियंत्रणाची केंद्रे उघडली आणि संख्याशास्त्रज्ञ कारखान्यांत जाऊन आलेख मांडू लागले.

म्हणजे तज्ज्ञ होते, संस्था होत्या, कायदाही होता. आणि कामगारांच्या सहभागाचा प्रश्न काढला, तर त्याचेही एक उत्तर भारतात मिळाले होते. १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले. तेथे स्वयंचलित माग बसवले होते, तरी उत्पादन वाढत नव्हते आणि कापडातील दोषही कमी होत नव्हते. कामाची इतकी बारीक विभागणी झाली होती की तुटलेला धागा जोडणारा, बॉबिन भरणारा, माग दुरुस्त करणारा असा प्रत्येक जण आपापल्या तुकड्यापुरता जबाबदार होता. आख्ख्या मागाची जबाबदारी कोणाचीच नव्हती. राइस यांनी सुचवले की ठरावीक मागांचा संच एका लहान गटाकडे सोपवावा. कोणी कोणत्या गटात जायचे हे कामगारांनी स्वतःच ठरवून टाकले. उत्पादन वाढले, दोष घटले. जपानमध्ये 'क्वालिटी सर्कल' हा शब्द रूढ होण्याच्या नऊ वर्षे आधीची ही घटना आहे. राइस यांनी १९५८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. भारतीय उद्योगाने मात्र त्यातून चळवळ उभी केली नाही.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण म्हणजे परवाना-राज. ते बऱ्याच अंशी खरे आहे. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर किती माल काढायचा हे सरकारी परवाना ठरवू लागला आणि आयातीवरील निर्बंधांमुळे बाहेरची स्पर्धा उरली नाही. बजाजची स्कूटर घेण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणाऱ्या माणसाला रंगावरच्या ओरखड्याविषयी तक्रार करणे परवडणारे नव्हते. ग्राहकच रांगेत उभा असेल, तर नियंत्रण-आलेख कोणासाठी मांडायचा? जपानची स्थिती उलटी होती. धान्य आणि कच्चा माल बाहेरून आणायचा तर निर्यात हवी, आणि 'जपानी' म्हणजे स्वस्त व तकलादू अशी त्या मालाची तेव्हाची ख्याती.

तरीही हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. टोकियोत डेमिंग यांनी अभियंत्यांना शिकवले, तसे बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनाही एकत्र बसवून समजावले. ती बैठक घडवून आणली उद्योग-महासंघाचे अध्यक्ष इचिरो इशिकावा यांनी. १९५४ मध्ये जोसेफ जुरान आले आणि त्यांनी गुणवत्ता ही व्यवस्थापनाचीच जबाबदारी असल्याचे ठासून सांगितले. पुढे आकाशवाणीवरून मुकादमांसाठी पाठ झाले. १९६२ मध्ये इचिरो यांचे पुत्र काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने मुकादमांसाठी स्वतंत्र मासिक निघाले आणि त्यातूनच गुणवत्ता-मंडळे जन्मली. आलेखाची पेन्सिल यंत्रावरच्या माणसाच्या हाती गेली. भारतात ती पाहुण्या संख्याशास्त्रज्ञाच्या किंवा तपासणी-विभागाच्या हातातच राहिली. १९६३ चा निर्यात गुणवत्ता कायदासुद्धा बंदरावर माल चढण्यापूर्वीच्या तपासणीवरच भर देणारा होता. शूहार्ट ज्या विचारापासून दूर जा म्हणत होते, तोच विचार आता कायद्यात बसला.

परतीची वाट १९८० च्या दशकात सुरू झाली. १९८० मध्ये हैदराबादजवळ रामचंद्रपुरम येथील 'भेल'च्या कारखान्यात देशातील पहिली गुणवत्ता-मंडळे स्थापन झाली. डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावहून पहिली मारुती ८०० बाहेर पडली. मारुतीचा खरा परिणाम तिच्या पुरवठादारांवर झाला. दिवे, काचा, ब्रेक, रबरी भाग पुरवणाऱ्या कारखान्यांना प्रथमच असा ग्राहक भेटला, जो नाकारलेला माल परत पाठवून थांबत नव्हता, तर तो बिघडलाच कसा हे विचारत होता. १९९१ नंतर आयातीची दारे उघडली आणि हा प्रश्न सर्वांनाच लागू झाला.

१९९८ मध्ये चेन्नईच्या सुंदरम-क्लेटन कंपनीच्या ब्रेक विभागाला डेमिंग पुरस्कार मिळाला. भारतातील हा पहिलाच. मार्गदर्शक होते जपानचे प्राध्यापक योशिकाझू त्सुदा. २००२ मध्ये टीव्हीएस मोटर आणि २००३ मध्ये महिंद्राचा ट्रॅक्टर विभाग. कांदिवली आणि नागपूरच्या कारखान्यांमुळे महाराष्ट्राचा या यादीत प्रवेश झाला तो असा. शूहार्ट यांच्या भेटीला तोवर पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती.

या प्रवासातील एक धागा मात्र उलट दिशेने गेला. १९५४-५५ मध्ये गेनिची तागुची नावाचा एक जपानी अभियंता पाहुणा प्राध्यापक म्हणून कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत राहिला. तेथे सी. आर. राव होते. राव यांनी १९४० च्या दशकात 'ऑर्थोगोनल अ‍ॅरे' ही गणिती रचना मांडली होती. तिच्या आधारे अनेक घटकांचा परिणाम मोजक्या प्रयोगांत तपासता येतो : भट्टीचे तापमान, मातीतील चुना, भाजण्याचा वेळ असे सात-आठ घटक असले, तरी प्रत्येक जोडणी करून पाहावी लागत नाही. तागुची यांनी अशा रचना कारखान्याच्या रोजच्या भाषेत आणल्या आणि १९६० मध्ये त्यांना व्यक्तिगत डेमिंग पुरस्कार मिळाला.

आज भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय 'तागुची पद्धत' या नावाने शिकवला जातो. राव २०२३ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी वारले.