सिडनीचा रक्तदाता
रक्तपेढीत माझी उभी नोकरी रजिस्टरं लिहिण्यात गेली. पिशवी कुणाची, कोणत्या वॉर्डात गेली, कुणाला चढवली. नव्या पोरांना ही हमाली वाटायची. त्यांना मी सिडनीची हकीकत ऐकवत असे.

एचआयव्हीकडे जेमतेम नऊ जनुकं. त्यांतल्या चारांपासून व्हिफ, व्हीपीआर, व्हीपीयू आणि नेफ ही 'सहायक' प्रथिनं बनतात. ऐंशीच्या दशकात नेफ काढून टाकलेला विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर सोडला, तर तो खुशाल वाढायचा. काहींना तर तो जास्तच जोमात दिसला. मग हे लोढणं बाळगायचं कशाला?

१९९१ मध्ये अमेरिकेत डेस्रोझियर्स यांच्या गटाने माकडांच्या एसआयव्ही विषाणूतलं नेफ जनुक कापून तो ऱ्हीसस माकडांना टोचला. रक्तात विषाणू तुरळकच राहिला. नेफ बाधित पेशीवरचे एमएचसी रेणू पृष्ठभागावरून हटवतं, त्यामुळे मारेकरी टी-पेशींना ती ओळखायला अवघड जाते, हे पुढे कळलं. प्रयोगशाळेतल्या बशीत मारेकरीच नाहीत, तर लपायचं कुणापासून!

माणसाच्या शरीरातला पुरावा मात्र रक्तपेढीच्या नोंदींतून आला. १९८१ ते १९८४ या काळात, चाचणी नव्हती तेव्हा, सिडनीतल्या एका दात्याचं रक्त अनेकांना चढवलं गेलं. पुढे माग काढल्यावर दिसलं, की त्याच्यापासून लागण झालेल्यांना औषधांशिवायही वर्षानुवर्षं एड्स झालेला नाही. १९९२ मध्ये जेनिफर लर्मंट आणि सहकाऱ्यांनी हे छापलं. १९९५ मध्ये मेलबर्नच्या निकोलस डीकन यांच्या गटाने त्या विषाणूची जनुकं वाचली: नेफचा तुकडाच गायब. नोंदी धड नसत्या, तर ही माणसं एका सुतात ओवलीच गेली नसती. हे मी जरा छाती फुगवून सांगत असे.

नेफविरहित विषाणूने माकडांचा बचाव केल्याचं १९९२ मध्येच दिसलं होतं, त्यामुळे जिवंत लसीची आशा पालवली. १९९५ मध्ये रूथ रुप्रेख्ट यांनी दाखवलं, की नेफसह आणखी काही भाग कापलेला विषाणूही माकडांच्या नवजात पिल्लांना एड्स देतो. तरीही १९९७ मध्ये काही डॉक्टर अशी लस स्वतःला टोचून घ्यायला पुढे आले! धाडस म्हणा की आततायीपणा. मी आततायीपणाच म्हणेन. १९९९ मध्ये सिडनीच्याच यादीतून बातमी आली: दाता आणि काही रक्तग्राहकांच्या रोगप्रतिकारक सीडी-४ पेशी घसरू लागल्या होत्या. दात्याने औषधं सुरू केली.