टाके कुठून घालायचे?

टाके या विषयावर कुणी माझा सल्ला विचारील, असं मला कधी वाटलं नव्हतं. टाके म्हटले की मला हर्नियाचं ऑपरेशन आठवतं. पण ओहायोतल्या आमच्या कन्येने मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर सरळ विचारलं, "बाबा, टाके कसे घालू?"

नातीच्या पहिल्या नाताळासाठी ती ॲप्लिकची रजई करते आहे. ॲप्लिक म्हणजे एका कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार कापून शिवायचे. आपल्याकडे याला ठिगळ म्हणतात. फरक एवढाच, की ठिगळ फाटल्यावर लावतात आणि ॲप्लिक न फाटताच. पांढऱ्या कापडावर हिरवी पानं आणि पॉइन्सेटियाची लाल फुलं शिवून झाली होती. आता वरचं कापड, मधला थर आणि अस्तर एकत्र धरणाऱ्या टाक्यांचा आराखडा उरला होता.

"ते बॅटिंगवर अवलंबून आहे," ती म्हणाली. मी उत्साहाने पुढे सरसावलो. मधल्या थराला तिकडे बॅटिंग म्हणतात हे कळल्यावर परत मागे सरकलो.

खरं तर हा प्रश्न आमच्या हिला विचारायचा. पण ही स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती. ती लाल फुलं हिच्या आईच्या लुगड्यातून कापलेली होती. लुगडं मागितलं तेव्हा हिने हौसेने पाठवलं, पण त्याला कात्री लागेल अशी हिची कल्पना नव्हती.

मग मी पुस्तकांत शिरलो. पेन्शनराला दुसरं काय येतं?

अमेरिकेत लाल-हिरव्या ॲप्लिकच्या रजया ऐन भरात होत्या त्या 1840 ते 1860 च्या सुमारास. आणि नाताळशी त्यांचा मुळात काही संबंध नव्हता! मॅसॅच्युसेट्समध्ये तर 1659 साली नाताळ पाळणाऱ्याला 5 शिलिंग दंड असे. कायदा 1681 मध्ये उठला, पण कडव्या मंडळींची अढी पुढे कित्येक वर्षं गेली नाही. बायकांनी लाल रंग निवडला तो टिकतो म्हणून. 'टर्की रेड' नावाचा तो रंग मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून काढत आणि कापड तेलात पुन्हा पुन्हा बुडवून तो पक्का करत. (स्कॉटलंडमध्ये रंगवलेलं हेच लाल कापड आपल्या मुंबईच्या बाजारातही येई.) हिरवा मात्र लबाड. निळा आणि पिवळा एकावर एक चढवून तो करायचा. पुढे रासायनिक हिरवा आला, तो उडून मातकट झाला. त्यामुळे जुन्या काही रजयांवर आज फुलं ताजी आणि पानं वाळलेली दिसतात.

टाक्यांचं म्हणाल, तर मधला कापूस तेव्हा सुटा असे. टाके विरळ घातले की पहिल्याच धुण्यात त्याचे गोळे. म्हणून जवळजवळ धावदोरा घालावा लागे. आता तयार थर मिळतो, त्यात 8-10 इंचांचं अंतर चालतं असं पाकिटावर छापलेलं असतं. पण त्या बायका गरजेवर थांबल्या नाहीत. फुलांमधल्या मोकळ्या जागेत त्यांनी पिसं काढली, वेल काढले, तेही पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने. तिरपा उजेड पडला तरच दिसावं असं हे काम.

मला आवडला तो हवाईचा प्रकार. 3 एप्रिल 1820 रोजी 'थॅडियस' जहाजावर न्यू इंग्लंडहून आलेल्या मिशनरी बायकांनी तिथल्या राजघराण्यातल्या स्त्रियांच्या हाती सुई दिली. पुढे तुकडे जोडणंही शिकवलं. चांगलं अखंड कापड कापून पुन्हा जोडायचं, हे त्या बेटांवर फारसं पटलं नसावं. तिथल्या बायकांनी सबंध कापडाची घडी घालून, आपण पताकेचा कागद कातरतो तसा एकच मोठा आकार कापला, आणि त्याच्या कडेने टाक्यांच्या ओळींमागून ओळी घातल्या, पाण्यात दगड टाकल्यावर लाटा उठाव्यात तशा.

"लाटा घाल," मी कन्येला सांगितलं.

"त्या घालीन हो. पण फुलांवरून घालू का नको? आजीचं लुगडं आहे. सुई टोचायला हात होत नाही."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. ही पदराला हात पुसत बाहेर आली.

"कापताना बरा हात झाला!"

पलीकडे कोणी बोललं नाही. मी फोन हातात धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो.

"घाल वरून," ही शेवटी म्हणाली. "जुनं सूत आहे ते. मोकळं सोडलंस तर दोन धुण्यांत विरेल. आणि कडेपासून सुरुवात कर."

"इथे मधून बाहेर जातात गं आई. चुण्या कडेला निघून जातात."

"माझी आई कडेपासून आत यायची. जन्मात तिच्या गोधडीला चुणी पडली नाही."

"पण आजी जमिनीवर अंथरून शिवायची ना?"

"मग तुमच्याकडे जमीन नाही का?"

हे पाऊण तास चाललं. माझा हात भरून आला, तेव्हा हिने फोन माझ्याकडून काढून घेतला आणि चष्मा शोधायला पाठवलं. परत आलो तर कन्येने एक फूल कॅमेऱ्याजवळ धरलं होतं. सबंध पडदा लाल झाला होता, आणि ही त्यावरून बोट फिरवत होती.

"अगं, उलटी बाजू वर घेतली आहेस," ही म्हणाली.