काळी, पांढरी आणि पायथ्याचा माळ

मराठेकालीन गावगाड्याचे कागद वाचू लागले की दोन शब्दांची एक जोडी वारंवार समोर येते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे गावाची कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. संपूर्ण गावाचा निर्देश मातीच्या दोन रंगांनी करण्याची ही रीत आपण सहसा भाषिक अलंकार म्हणून वाचतो आणि पुढे जातो. वस्तुतः तिच्यामागे पिढ्यान् पिढ्यांचे निरीक्षण आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उभारलेली भिंत तडकते. म्हणून माणसे चुनखडीच्या किंवा मुरमाच्या घट्ट जागेवर राहिली. त्यांच्या चुलींची राख आणि पडलेल्या घरांच्या मातीचे थर साचून ती जागा आणखी पांढुरकी होत गेली. आजही पुरातत्त्वाचे अभ्यासक जुन्या वसाहतींच्या शोधात पांढरीची टेकाडे पाहतात ती याच कारणाने.

या जोडीत एक तिसरी जागा मात्र अध्याहृत राहते, ती म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा माळ, गावाचे गायरान. दख्खनच्या पठारावर डोंगराच्या माथ्यावर उघडा कातळ, उतारावर मुरूम आणि बरड, पायथ्याला वीतभर ते हातभर खोलीची काळसर चिकण माती, आणि खाली ओढ्या-नद्यांच्या काठी खोल काळी, असा मातीचा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. पायथ्याची माती ही खालच्या काळीचीच धाकटी बहीण. तिच्यात चुनखडीचे खडे असतात, उथळ भागात कुसळी वाढते, जरा खोलगट जागी मारवेल, आणि मधूनमधून बाभळी. गुरे-मेंढरे चारायची ती इथे. या मातीविषयी गेल्या दोन शतकांत तीन वेगवेगळ्या भाषांत बोलले गेले : कुणब्याच्या, सरकारी मोजणीच्या आणि विज्ञानाच्या. प्रत्येक भाषेने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हा या लेखाचा विषय आहे.

कुणब्याची भाषा प्रथम पाहू. काही वर्षांपूर्वी वर्गात एक ग्रामीण कथा शिकवताना ‘वाफसा’ हा शब्द आला. शहरातल्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक नव्हता. मी कोशातला अर्थ सांगितला, पण सोलापूरकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, वाफसा सांगता येत नाही, तो पायाला कळतो.” तिचे म्हणणे बरोबर होते. पावसानंतर काळी पायाला चिकटते, औत चालू देत नाही. पुरती वाळली की दगडासारखी होते. या दोहोंच्या मधले जे मोजके दिवस, तो वाफसा. म्हणजे हा शब्द मातीचा प्रकार सांगत नाही, तिची वेळ सांगतो. ‘चिबड’ म्हणजे पाणी धरून बसलेली, ‘चोपण’ म्हणजे निचरा हरवून बसलेली, ‘भेगाळलेली’ म्हणजे ओल गमावू लागलेली. हे सारे शब्द मातीच्या वागण्याचे आहेत. “एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी” या म्हणीतही हेच ज्ञान आहे. शाळू केवळ जमिनीतल्या ओलीवर वाढतो. भेगा पडल्या की ती ओल वाफ होऊन निघून जाते आणि पिकाची मुळेही तुटतात. कोळप्याने वरची माती भुसभुशीत करून भेगा बुजवल्या की ओल टिकते. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या खोल काळीवर पिकते तिथे हे शहाणपण म्हणजे शेतीचा प्राणच आहे.

दुसरी भाषा आली ती पेशवाई संपल्यानंतर. १८२० च्या दशकात प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात केलेली आकारणी फसली. निव्वळ उत्पन्नाचे त्याचे हिशेब प्रत्यक्षाशी जुळेनात. त्यानंतर १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्या मोजणीला आरंभ केला. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यासाठी पक्की केली. तिची रचना मोठी नेटकी होती. पोत आणि रंग यांवरून मातीचे तीन वर्ग पाडले : बारीक पोताची काळी, तिच्याहून जाड पोताची बहुधा तांबडी, आणि भरड, करडी. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात खणून खोली पाहायची, आणि त्यानुसार १६ आण्यांपासून २ आण्यांपर्यंतच्या ९ प्रतींपैकी एक प्रत द्यायची. पावणेदोन हात, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर खोलीची काळी पूर्ण १६ आण्यांची. चुनखडीचे खडे, वाळू, जमिनीचा उतार हे दोष. ते आढळले की प्रत खाली. अशा रीतीने ठरलेला आकार ३० वर्षे कायम.

आधीच्या अंदाधुंदीच्या तुलनेत ही पद्धत न्याय्य होती, हे मान्य करायला हवे. परंतु तिने मातीकडे पाहिले ते एका जागी स्वस्थ पडलेली वस्तू म्हणून. खोली मोजली, रंग नोंदला. मात्र ती माती पावसाळ्यात काय करते आणि चैत्रात काय करते, हे आण्यांत मावणारे नव्हते. पायथ्याच्या माळाचे तर तिन्ही दोष एकाच ठिकाणी : उथळ, चुनखडीयुक्त, उतरती. प्रतवारीच्या या मापाने तो जवळजवळ निरुपयोगी ठरला. जे कसले जात नाही त्याला महसुलाच्या भाषेत ‘पड’ हे एकच नाव. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवण्याची तरतूद आली खरी. पण त्याच कलमात वनासाठी जमीन राखण्याचीही होती, आणि प्रत्यक्षात अनेक ठिकाणी डोंगर आणि माळ जंगल खात्याकडे गेले.

ही गोष्ट त्या काळी एका मराठी लेखकाच्या नजरेतून सुटली नाही. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जोतीराव फुले यांनी डोंगर आणि शेत यांचा संबंध स्पष्टपणे मांडला आहे. डोंगरावरचा पालापाचोळा आणि गुरांचे शेण पावसाच्या पाण्याबरोबर खाली शेतात येई व त्याचे खत होई. जंगल खात्याने डोंगर-गायराने बंद केल्यावर गुरांचा चारा तुटला आणि जमिनीचा कसही गेला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पाणी जमिनीत मुरावे यासाठी बांध-बंदिस्ती करावी, त्या कामाला सरकारने आपले शिपाई लावावेत, असेही ते सुचवतात. आपल्याकडे ‘असूड’ शिकवला जातो तो प्रामुख्याने सामाजिक शोषणाचा दस्तऐवज म्हणून. ते योग्यच आहे. परंतु त्यातली मातीची जाण ही त्या शोषणमीमांसेचाच भाग आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. सरकारी नकाशाने माळ आणि शेत यांना दोन रकाने दिले, तर फुल्यांनी ते एकाच उतारावरचे दोन टप्पे म्हणून पाहिले.

तिसरी भाषा विज्ञानाची. एकोणिसाव्या शतकातील भूगर्भशास्त्रज्ञांना या मातीच्या उगमाचे मोठे कोडे होते. ती जुन्या जलाशयांचा गाळ असावी असे काहींना वाटे, तर ती बेसाल्ट खडक झिजून बनली असे इतर म्हणत. तिला त्यांनी नाव घेतले ते तेलुगू ‘रेगड’ वरून. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतली ‘रेगूर’ ती हीच. काळा रंग भरपूर कुजक्या पाल्याचा, ही समजूतही दीर्घकाळ टिकली. प्रत्यक्षात तिच्यात सेंद्रिय कर्बाचे प्रमाण बहुधा एक टक्क्याहूनही कमी असते. तिच्या स्वभावाचे खरे कारण सापडले ते तिच्यातल्या चिकणमातीच्या सूक्ष्म कणांत. या कणांची रचना पापुद्र्यांसारखी असते. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फाकतात, पाणी गेले की मिटतात. म्हणून उन्हाळ्यात मीटरभर खोल भेगा पडतात, पृष्ठावरचे ढेकूळ-कण त्यांत घरंगळतात, आणि पाऊस पडल्यावर फुगणाऱ्या मातीला जागा न उरल्याने ती आतल्या आत रेटली जाते, एकमेकींवर घासून तिचे चकचकीत पृष्ठ तयार होतात. माती सावकाश उलथत राहते. १९६० मध्ये अमेरिकन मृदाशास्त्रज्ञांनी नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले, तेव्हा या मातीच्या गटाला ‘व्हर्टिसोल’ हे नाव दिले. त्याच्या मुळाशी ‘वळणे, उलथणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. रंग आणि खोली मागे पडून वर्गीकरणाच्या नावातच क्रियापद आले, वाफशाच्या भाषेला ठाऊक असलेले क्रियापद.

विज्ञानाने सांगितलेली आणखी एक गोष्ट अधिक गंभीर आहे. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासकांनी असे प्रतिपादले आहे की, दख्खनच्या काळ्या मातीतील हे फुगणारे कण आजच्या कोरड्या हवामानात घडलेले नसून पूर्वीच्या अधिक ओल्या काळात घडले, आणि उतारावरून वाहत येऊन खालच्या भागात साचले. म्हणजे ही माती आजच्या पावसाने पुन्हा बनणारी नाही. ती वारसा आहे, आणि त्या वारशाची वाट पायथ्याच्या माळावरूनच येते. माळ उघडा पडला, त्यावरचे गवत गेले, की तिथली माती मोठ्या पावसांत वाहून जाते. ती ओढ्याला मिळते, धरणात जाऊन बसते, आणि मागे मुरूम उरतो.

सातबाराच्या उताऱ्यावर ‘आकार’ आणि ‘पोटखराबा’ हे शब्द आजही छापले जातात. एकोणिसाव्या शतकातील मोजणीची भाषा अशी आपल्या दप्तरात जिवंत आहे. वाफसा, चिबड, चोपण हे शब्द मात्र कोणत्याही रकान्यात नाहीत; ते बोलणाऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि ट्रॅक्टर भाड्याने येईल त्या दिवशी नांगरट करावी लागणाऱ्या पिढीत ते किती काळ टिकतील याची शंका वाटते. साहित्याच्या अध्यापकाने याची काळजी का करावी, असे कोणी विचारील. ग्रामीण साहित्य शिकवताना आपण हे शब्द ‘बोलीचा गोडवा’ म्हणून अधोरेखित करतो आणि परीक्षेत त्यांचे अर्थ विचारतो. त्या विद्यार्थिनीने मला जे सांगितले त्यानंतर मी ते करणे सोडले. आता तो शब्द आला की मी वर्गाला विचारतो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी काळी आहे? दरवर्षी वर येणारे हात कमी होत चालले आहेत. जे वर येतात, त्यांना मी बोलू देतो.